इथे उतरावे : नाशिकरोडच्या इतिहासाची प्रस्तावना

नाशिकच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाशिकरोडबद्दल साधारण एकच वाक्य सापडते : रेल्वेने येणाऱ्यांनी येथे उतरावे. पुढची पाने रामकुंडाची, काळारामाची, पांडवलेण्यांची, त्र्यंबकेश्वराची. अलीकडे द्राक्षांची आणि वाइनचीही. उतरल्यावर त्या प्रवाशाने ज्या गावातून रिक्षा पकडली, तिथे कोण राहतात, ते तिथे का आणि कुठून आले, यात लिहिण्यासारखे काही असेल असे पुस्तिका लिहिणाऱ्याला वाटत नाही. खरे सांगायचे तर आम्हा नाशिकरोडकरांनाही वाटत नाही. परगावी कोणी विचारले तर आम्ही नाशिकचे असतो. समोरचा माणूस नाशिकचाच निघाला, तरच नाइलाजाने ‘रोड’ जोडतो.

नाशिकरोड कंटाळवाणे आहे, हे मी या प्रस्तावनेत नाकारणार नाही. बिटको चौकातली वाहतूक, जेलरोडची लांबलचक भिंत, प्रेसच्या क्वार्टर्सच्या एकसारख्या रांगा, संध्याकाळी मुंबईहून परतणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमधून उतरणारे दमलेले पासधारक, आणि पाहुणा आलाच तर त्याला दाखवायला मुक्तिधाम. जयरामभाई बिटकोंनी १९७१च्या सुमारास उभे केलेले, मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराचे, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय कोरलेले ते मंदिर पाहून झाले की पाहुण्याला पंचवटीत न्यायचे, असा शिरस्ता आहे. मंदिरामुळे ज्यांचे नाव आठवते ते बिटको काळ्या दंतमंजनाचे. यात खोचक काही नाही. ज्या गावाचा मोठा दाता दंतमंजनाचा कारखानदार असतो, ते गाव कामधंद्याचे असते एवढाच त्याचा अर्थ.

अशा गावाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला पहिला मोह होतो तो गावाला मोठे करण्याचा. नाशिक परिसरात तर हे फारच सोपे आहे. इथे प्रत्येक डोहात सीतेने स्नान केलेले असते आणि प्रत्येक टेकडीवर लक्ष्मणाने पहारा दिलेला असतो. वालदेवी आणि दारणा या दोन नद्यांच्या काठी आमची गावे आहेत, गोदावरी दसक-पंचकाला लागून वाहते. थोडा प्रयत्न केला असता तर आम्हालाही एखादे पाऊल सापडले असते. आम्ही तो प्रयत्न केला नाही. नाशिकरोडचा म्हणून जो इतिहास आहे तो दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्याला कागद आहेत, तारखा आहेत, आणि तो पुराणकथांइतकाच अद्भुत आहे. तो दिसत नाही याचे कारण मात्र वेगळे आहे. या गावात जे जे घडले ते कुंपणाच्या आत घडले. छावणीचे कुंपण, प्रेसचे कुंपण, तुरुंगाची भिंत. बाहेरच्यांना आत प्रवेश नव्हता आणि आतल्यांना बाहेर बोलायची मुभा नव्हती. आमच्या गावाचा कंटाळवाणेपणा हा बऱ्याच अंशी सरकारी आदेशाने आलेला आहे, असे माझे मत आहे, आणि पुढची सगळी पाने त्या मताच्या आधाराने लिहिलेली आहेत.

सुरुवात अर्थातच रेल्वेपासून. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६५ मध्ये थळ घाट चढून लोहमार्ग इगतपुरीला पोचला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या डोळ्यांसमोर खानदेश-वऱ्हाडचा कापूस होता. गोदावरीच्या तीर्थाशी तिला काही देणेघेणे नव्हते. घाटमाथ्यावरून दारणेच्या खोऱ्याने लहवित, देवळाली, ओढा, निफाड असा सरळ सपाट मार्ग मिळत असताना नदीकाठच्या दाट वस्तीकडे वळण्याचे कारण नव्हते. त्यामुळे नाशिकचे स्टेशन नाशिकपासून पाच मैल दूर, शेतात उभे राहिले. यात्रेकरूंनी ते पाच मैल टांग्याने काढले, आणि १८८९पासून घोड्यांच्या ट्रामने. होय, नाशिकला ट्राम होती. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून ती स्टेशनपर्यंत येई आणि १९३०नंतर काही वर्षांतच ती तोट्यात जाऊन बंद पडली. आज नाशिक-नाशिकरोड रस्त्यावर दर काही वर्षांनी नव्या वाहतूक योजनेची घोषणा होते, तेव्हा ही ट्राम आठवणारा एकही वक्ता व्यासपीठावर नसतो.

रेल्वेच्याच सुमारास छावणी आली. १८६१ साली देवळालीला ब्रिटिश सैन्याचा पडाव उभा राहिला. इंग्लंडहून आलेले सैनिक इथे थांबून पुढे देशभर जात आणि मुदत संपलेले परतीच्या जहाजाची वाट पाहत. सैन्याची जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम चुकला की महिनोन्‌महिने काही काम नाही, लढाई नाही, कवायतही नावापुरती; वर ऊन, हिवताप आणि दारू. काहींची डोकी खरोखरच फिरली. त्या वेडाला सैनिकांनी आमच्याच गावाचे नाव दिले आणि ते मोडक्या उच्चारात इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले. बीबीसीने १९७४ साली याच छावणीवर एक विनोदी मालिकाही काढली. कंटाळ्यासाठी जगाच्या कोशात नोंद झालेले गाव दुसरे कोणते असेल तर वाचकांनी जरूर कळवावे. शेजारी दोन-तीन मैलांवर भगूर. तिथे २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकर जन्मले. ज्यांना घरी जायचे होते ते सैनिक आणि ज्याला त्यांना घरी घालवायचे होते तो मुलगा, एकाच स्टेशनची गाडी पकडत होते.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग प्रेसला दिला आहे. नाशिकरोडमध्ये ‘प्रेस’ म्हणजे छापखाना असे कोणी समजत नाही. प्रेस म्हणजे नोटांची आणि तिकिटांची प्रेस. १९२५पर्यंत हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून येत. पहिल्या महायुद्धाने जहाजांवर विसंबण्याचा धोका दाखवून दिला होता, आणि परदेशी छपाईचे बिलही थोडेथोडके नव्हते. मग कर्नल विलिस आणि अ‍ॅस्कोली या दोन अधिकाऱ्यांकडे देशातच छपाई करता येईल का हे तपासण्याचे काम आले आणि शेवटी जागा ठरली ती नाशिकरोड. मुंबई जवळ, रेल्वे दाराशी, हवा समशीतोष्ण. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि एकावर एक रंग चढवताना केसभर सरकला तरी ताव वाया जातो. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम परवडले नसते. म्हणजे ज्या हवेला आम्ही ‘बरी असते’ यापलीकडे विशेषण देत नाही, त्या हवेने देशाचे चलन इथे आणले.

इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आधी तिकिटे सुरू झाली. १९२८ साली करन्सी नोट प्रेस निघाली आणि पाचव्या जॉर्जची पाच रुपयांची नोट तिच्यातून बाहेर पडली. चार वर्षांत देशाच्या सगळ्या किमतींच्या नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. पुढे पोस्टकार्डे, पाकिटे, कोर्ट फीचे स्टॅम्प, मुद्रांक आणि पासपोर्टही. जन्मल्यापासून घर विकेपर्यंत माणसाच्या हातातून गेलेला प्रत्येक अधिकृत कागद कधी ना कधी नाशिकरोडला छापला गेला होता, असे एके काळी थोड्याशा अतिशयोक्तीने म्हणता आले असते. जगभरच्या तिकीट-संग्राहकांना हे गाव आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पाचव्या जॉर्जचे तिकीट हाती आले की ते लंडनच्या छपाईचे की नाशिकच्या, हे जलचिन्ह पाहून ठरवतात आणि त्यावर किंमत ठरते.

तरीही स्वतंत्र भारताचा पहिला मोठा मान नाशिकरोडला मिळाला नाही. महात्मा गांधींची पहिली तिकिटे १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघाली ती स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए कंपनीत छापून. फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीची यंत्रे त्या वेळी इथे नव्हती. खादीचा पुरस्कार करणाऱ्या माणसाचे तिकीट विलायती, यावर तेव्हा टीका व्हायला हवी होती असे मला वाटते. ती यंत्रे आल्यावर १ ऑक्टोबर १९५२ रोजी कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर या सहा संत-कवींची मालिका निघाली, ती मात्र नाशिकरोडची.

फाळणीचा जो भाग प्रेसच्या वाट्याला आला तो फारसा कोणी सांगत नाही. नव्या पाकिस्तानकडे असा छापखाना नव्हता. मग १ ऑक्टोबर १९४७ रोजी त्या देशाची पहिली तिकिटे निघाली ती भारताचीच तिकिटे, राजाच्या चेहऱ्यावर ‘पाकिस्तान’ असा शिक्का मारून. हा शिक्का मारला गेला नाशिकरोडला. त्यानंतर नोटा. रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया ३० जून १९४८पर्यंत दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती आणि १ एप्रिल १९४८पासून पाकिस्तानात चालू झालेल्या, इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरे असलेल्या नोटा इथल्याच यंत्रांवरून उतरल्या होत्या. पाकिस्तानला पंचावन्न कोटी द्यायचे की नाही यावरून जानेवारी १९४८ मध्ये देश पेटला होता. त्यानंतर जे झाले ते साऱ्या जगाला माहीत आहे. त्या वादाला तीन महिने होतात न होतात तोच त्या देशाच्या बाजारात फिरू लागलेल्या नोटा महाराष्ट्रातल्या एका रेल्वे स्टेशनच्या गावात छापलेल्या होत्या. इतका मोठा विरोधाभास या गावच्या पदरात पडला आणि गावाने त्याची एकही गोष्ट रचली नाही.

का रचली नाही? कारण सांगणारा कोणी नव्हता. प्रेसमध्ये कामाला लागलेल्या माणसाने आत काय पाहिले ते घरी सांगायचे नसते. पाळी संपली की झडती, मग गेट, मग घर. मोजलेल्या बंडलांचा हिशोब आत, किराण्याच्या वहीतला बाहेर. अशा घरांतल्या मुलांना बाहेरगावी हमखास एक प्रश्न विचारला जातो : मग वडील घरी आणत असतील की दोन-चार नोटा! यावर हसून सोडून देण्याची आमच्याकडे तीन पिढ्यांची सवय आहे. तो विनोद करणाऱ्याला ठाऊक नसते की एका तावाचा हिशोब लागला नाही तर सगळी पाळी गेटच्या आत थांबते. या शिस्तीने प्रामाणिक माणसे घडवली हे खरे. अबोल माणसेही घडवली. तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण गाजले तेव्हा प्रेसमधून निकालात काढलेल्या यंत्रांची चर्चा देशभर झाली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर सुट्ट्या सोडून कामगारांनी यंत्रे चालवली तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे गेटपर्यंत आले. शंभर वर्षांत गावाकडे जगाने पाहिले ते या अशा निमित्तांनी.

दुसरी भिंत तुरुंगाची. जेलरोडवरून रोज हजारो लोक जातात. भाजी घेतात, मुलांना शिकवणीला सोडतात. गणपतीच्या आधी कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती विक्रीला येतात, तेवढाच आतल्या-बाहेरच्यांचा संबंध. या भिंतीमागे फेब्रुवारी १९३३ मध्ये, सत्याग्रहाची शिक्षा भोगत असलेल्या पांडुरंग सदाशिव साने यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. ९ तारखेला सुरुवात, १३ तारखेला पहाटे शेवट. दिवसभर तुरुंगातले काम करून उरलेल्या वेळात त्यांनी ते लिहून काढले. त्याआधी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. मराठी घरात ज्या पुस्तकावर सर्वांत जास्त अश्रू गळले ते पुस्तक पालगडच्या, कोकणातल्या आईचे आहे हे सर्वांना माहीत असते. ते नाशिकरोडच्या कोठडीत लिहिले गेले हे नाशिकरोडच्या शाळांतही क्वचित सांगितले जाते.

त्याच सुमारास त्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे हे तरुण एकत्र आले. गांधीजींच्या चळवळीत ते होते, पण तिच्यात शेतकऱ्या-कामगारांच्या प्रश्नाला जागा कमी आहे असे त्यांना वाटत होते. आत वाचन, वाद आणि पुन्हा वाद. बाहेर आल्यावर १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. त्याचा आराखडा इथे तयार झाला होता. महाराष्ट्रातल्या राष्ट्र सेवा दलापासून साथींच्या कित्येक चळवळींपर्यंत जे काही पुढे झाले त्याचा एक उगम या भिंतीआड आहे. एक गल्लत इथेच दूर करतो : जयप्रकाश १९४१ मध्ये ज्या देवळीच्या छावणीत स्थानबद्ध होते ती राजस्थानातली, आमची देवळाली नव्हे. गावाला मोठे करायच्या नादात हे श्रेयही आपल्याकडे ओढले जाण्याची शक्यता असते. आपल्याकडे खरे श्रेय पुरेसे असताना त्याची गरज नाही.

आता भिंतींच्या बाहेरचे. छावणी, स्टेशन, प्रेस, तुरुंग, १९७०मध्ये सुरू झालेले एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, हे सगळे ज्या जमिनींवर उभे आहे त्या देवळालीगाव, विहितगाव, दसक, पंचक, चेहेडी, एकलहरे या गावांच्या होत्या. गावाचा इतिहास म्हणून आपण संस्थांचा इतिहास लिहितो, तेव्हा ही मूळ गावे पायाखाली जातात. या पुस्तकात ती पूर्णपणे वर आली आहेत असा दावा नाही. पण एका नावापाशी थांबायलाच हवे. १७ जुलै १९३० रोजी विहितगावात बाबूराव बागूल जन्मले. लहानपणीच मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात गेले आणि १९६३ साली त्यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ प्रसिद्ध झाले. मराठी कथा त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. ते जन्मले त्याच वर्षीच्या २ मार्चला, इथून आठ-नऊ किलोमीटरवर, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा नाशिकच्या इतिहासात आता मोठ्या अक्षरांत येतो, आणि ते योग्यच आहे. त्याच काळात विहितगावातल्या वस्तीत रोजचे जगणे कसे होते हे शोधणे मात्र अवघड आहे, कारण ते लिहून ठेवण्याची गरज कोणत्याही कचेरीला वाटली नाही. १८८३ सालच्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्ये जमिनी, पिके, जाती, बाजार सगळे आहे. माणसे नाहीत.

कागदांचे आणखी एक दुखणे सांगितले पाहिजे. नाशिकरोड-देवळालीला स्वतःची नगरपालिका होती. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली आणि नाशिक, सातपूर यांच्याबरोबर ही नगरपालिकाही तिच्यात विलीन झाली. गाव शहराचा एक विभाग झाले. कारभाराच्या दृष्टीने ते बरोबर होते की नाही यावर आजही चौकाचौकांत वाद घालता येतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा, की गावाचे जे स्वतःचे दप्तर असते, सभांची इतिवृत्ते असतात, घरपट्टीच्या नोंदी असतात, ते दप्तर सांभाळण्याची हौस असलेले कार्यालय उरले नाही. पालिका गेली की गावाची स्मरणशक्ती अर्धी जाते.

त्यामुळे या पुस्तकाचा मोठा हिस्सा बोलण्यातून मिळवलेला आहे. निवृत्त छपाई कामगार, पंचवटीचे जुने पासधारक, तोफखाना केंद्रात भरती होऊन इथेच स्थायिक झालेली कुटुंबे, फाळणीनंतर आलेली सिंधी घरे, कुंभात स्टेशनवर रात्र-रात्र उभे राहिलेले हमाल. अबोलपणाची सवय असलेल्या माणसांकडून बोलणे काढणे सोपे नसते. पहिल्या भेटीत सगळे म्हणतात, आमच्याकडे सांगण्यासारखे काही नाही. मग चहा येतो आणि बोलता बोलता १९७५ साली पंचवटी सुरू झाली तेव्हा डब्यात जमलेली भजनी मंडळी येतात, किंवा १९८० सालच्या नोव्हेंबरातले कांदा-ऊस आंदोलन येते, जेव्हा शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी रुळांवर बसले आणि खेरवाडीला गोळीबारात दोघांचे प्राण गेले. बोलणाऱ्यांची आठवण कागदाशी ताडून पाहिली आहे. जिथे ती जुळली नाही तिथे कागदाची तारीख घेतली आणि माणसाचा तपशील ठेवला.

काही गोष्टी या पुस्तकात मुद्दाम नाहीत. ‘गौरवशाली परंपरा’ हा शब्दप्रयोग नाही. नगरसेवकांची छायाचित्रे नाहीत. देवस्थानांची यादी नाही, ती इतरत्र भरपूर मिळते. नोटांच्या सुरक्षेशी संबंधित तांत्रिक माहितीही नाही. ती आम्हाला कोणी दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही.

वाचकांना एक विनंती. नाशिकरोडचे असाल तर माळ्यावरची ट्रंक एकदा खाली उतरवा. आजोबांचे सर्व्हिस बुक, प्रेसच्या पगाराच्या चिठ्ठ्या, नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या, रेल्वेचे जुने पास, वसाहतीच्या गणेशोत्सवाच्या पत्रिका, गेटबाहेर काढलेले कामगारांचे फोटो, यांतले काहीही रद्दीत घालण्याआधी त्याची एक प्रत काढून गावातल्या वाचनालयात ठेवा, आणि फोटोच्या मागे नावे व साल पेन्सिलीने लिहा. ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.

नाशिकरोडचे नसाल तर पुढच्या वेळी गाडी थोडी उशिराने येणारच आहे. तेवढ्या वेळात स्टेशनाबाहेर चक्कर मारून या. दाखवण्यासारखे फार काही नाही, हे आधीच सांगितले आहे.